लिहिता येतं, पण लिहिलेलं वाचता येत नाही: मेंदूतल्या तुटलेल्या जोडण्या

तंतुजाल

1887 साली पॅरिसमधल्या एका गृहस्थांना अचानक पाट्या वाचता येईनात. उजव्या बाजूची दृष्टी अधू झाली होती, पण डावीकडचं नीट दिसत होतं. माणसं ओळखू येत होती, वस्तूंची नावं सांगता येत होती, आकडे वाचता येत होते. कुणी मजकूर सांगितला तर तो लिहूनही घेता येत होता. मात्र तोच कागद थोड्या वेळाने पुढे धरला की स्वतःच्याच हस्ताक्षरातलं काही लागत नव्हतं. अक्षराच्या आकारावरून बोट फिरवलं तर ते अक्षर ओळखू यायचं.

मेंदूच्या आजारांचे फ्रेंच डॉक्टर ज्यूल देजरीन यांनी त्यांची तपासणी केली. 1892 मध्ये रुग्णाच्या मृत्यूनंतर मेंदू पाहिला, तेव्हा जुनी इजा दोन ठिकाणी सापडली: डाव्या गोलार्धाचा मागचा, दृष्टीचा भाग, आणि कॉर्पस कॅलोसमचं मागचं टोक, म्हणजे स्प्लेनियम. कॉर्पस कॅलोसम हा दोन्ही गोलार्धांना जोडणारा सुमारे 20 कोटी तंतूंचा जाड पट्टा.

आता वाट जुळवून पाहा. डावा दृष्टिभाग गेला, म्हणून उजवीकडचं दिसत नाही. डावीकडचं दृश्य उजव्या गोलार्धात नीट पोचतं. पण अक्षरांचा अर्थ लावणारी यंत्रणा बहुतेकांमध्ये डाव्या गोलार्धात असते, आणि उजवीकडून तिकडे जायचा रस्ता स्प्लेनियममधून जातो. तो बंद. डोळे काम करतात, भाषा काम करते, लिहिणारा हात काम करतो. दिसलेलं अक्षर भाषेपर्यंत पोचत नाही, एवढंच. बोटाने गिरवलं की तेच अक्षर हालचालीच्या वाटेने आत जातं आणि ओळखलं जातं. दोन्ही जागांना रक्त पुरवणारी धमनी एकच, डावी पोस्टिरिअर सेरेब्रल. म्हणून एका गुठळीत दोन्ही जातात.

या प्रकाराला आज शुद्ध अ‍ॅलेक्सिया म्हणतात. कार्ल वेर्निके यांनी 1874 मध्येच असा विचार मांडला होता की केंद्रं शाबूत असून मधला दुवा तुटला तर त्याची स्वतःची वेगळी लक्षणं दिसतील. पुढे हा विचार मागे पडला. 1965 मध्ये नॉर्मन गेश्विंड यांनी ‘ब्रेन’ या नियतकालिकात दोन भागांचा प्रदीर्घ लेख लिहून तो परत उभा केला.

माझ्या मते या विषयात एकच शिस्त कटाक्षाने पाळायला हवी. ‘दुवा तुटला’ म्हणायच्या आधी दोन्ही टोकं शाबूत आहेत हे तपासून दाखवायला हवं, आणि तेही वेगवेगळ्या वाटांनी. ते न केलं तर कुठल्याही विचित्र लक्षणाला ‘जोडणी तुटली’ हे नाव चिकटवता येतं. जाणकारांनी आपापल्या भागातले बारकावे लिहावेत.

---

शब्दवेध

वाचनापासूनच सुरू करतो. इथे सगळ्यात जास्त गल्लत होते ती दोन प्रकारांत.

उजवीकडची अर्धी दृष्टी गेलेला माणूसही हळू वाचतो, कारण डावीकडून उजवीकडे वाचताना पुढचे शब्द त्याला दिसतच नाहीत. ओळीचा शेवट हातातून सुटतो. हा दृष्टीचा प्रश्न आहे, शुद्ध अ‍ॅलेक्सिया नव्हे. दोन्ही वेगळे करायची सोपी पद्धत अशी:

एका कार्डावर एकच शब्द, मोठ्या ठळक टाइपात. रुग्णाला डावीकडचं दिसतं, म्हणून कार्ड किंचित डावीकडे धरा. 2 अक्षरी, 3 अक्षरी, 4 अक्षरी आणि 5 अक्षरी असे प्रत्येकी 10 शब्द घ्या. सगळे रोजच्या वापरातले हवेत, नाहीतर लांबीचा परिणाम कोणता आणि अनोळखीपणाचा कोणता हे कळत नाही. देवनागरीत ही यादी करताना नुसती अक्षरं मोजू नका. ‘घर’ आणि ‘स्त्री’ यांचा भार सारखा नाही. पहिल्या फेरीत जोडाक्षरं टाळा, काना-मात्रा साधारण सारख्या ठेवा, आणि जोडाक्षरांची वेगळी यादी करा. शब्द दिसल्यापासून उच्चार होईपर्यंतचा वेळ नोंदवा.

फक्त अर्धी दृष्टी गेलेला माणूस सुटा शब्द बऱ्यापैकी पटकन वाचतो. त्याची अडचण वाक्यात सुरू होते. शुद्ध अ‍ॅलेक्सियात सुट्या शब्दालाच वेळ लागतो आणि प्रत्येक वाढीव अक्षरागणिक तो वाढत जातो, कधी अर्धा सेकंद, कधी काही सेकंद. कारण रुग्ण एकेक अक्षर ओळखून शब्द जुळवत असतो. निरोगी वाचकाला छोट्या शब्दांत एखादं अक्षर वाढल्याने जवळजवळ काही फरक पडत नाही.

त्यानंतर दुसरं टोक तपासायचं. तेच शब्द अक्षरं सुटी करून तोंडी सांगा, ‘क, म, ळ’. रुग्ण लगेच ‘कमळ’ म्हणाला तर शब्दाचं ज्ञान शाबूत आहे. मग 5 वाक्यं लिहायला सांगा, कागद बाजूला ठेवा, 15 मिनिटांनी परत द्या. लगेच दिला तर तो आठवणीतून म्हणून दाखवतो आणि चाचणी फसते. ही चूक फार होते.

रंगांची नावंही विचारा. काही रुग्णांना दोन रंगांतला फरक दिसतो, सारखे रंग जोडून दाखवता येतात, ‘पिकलेल्या टोमॅटोचा रंग कोणता’ याचं तोंडी उत्तर बरोबर येतं, पण समोरच्या तुकड्याचा रंग सांगता येत नाही. दिसणं आणि नाव यांच्यामधलीच वाट इथेही तुटलेली असते.

---

चौकस

एक शंका. अपस्मारासाठी कॉर्पस कॅलोसम मुद्दाम कापतात. मग अशी माणसं चालतात-बोलतात कशी? 20 कोटी तंतू कापल्यावर काहीतरी भयंकर दिसायला हवं ना?

---

मध्यरेषा

@चौकस, हीच शंका वीस वर्षं सगळ्यांना चकवत होती.

विल्यम व्हान वॅगनेन यांनी 1940 मध्ये अशा शस्त्रक्रियांची पहिली मालिका प्रसिद्ध केली. त्या रुग्णांची तपासणी अँड्र्यू अकेलायटिस यांनी केली आणि त्यांना विशेष काही सापडलं नाही. इतकी मोठी रचना निरुपयोगी असावी, असाही निष्कर्ष काही जणांनी काढला. पण चूक तपासणीच्या पद्धतीत होती. डोळे मोकळे ठेवले की मान आणि बुबुळं हलवून कुठलंही दृश्य दोन्ही गोलार्धांत पोचवता येतं. एका हाताने काय धरलंय ते डोळ्यांना दिसतं, कानांना ऐकू येतं. 1962 पासून फिलिप व्होगेल आणि जोसेफ बोगन यांनी केलेल्या शस्त्रक्रियांनंतर रॉजर स्पेरी आणि मायकेल गॅझानिगा यांनी माहिती एकाच गोलार्धात कोंडून ठेवायची पद्धत वापरली, आणि चित्रच पालटलं. स्पेरी यांना 1981 चं नोबेल याच कामासाठी मिळालं.

पद्धत अशी: पडद्यावर मधोमध ठिपका, नजर त्यावर. चित्र ठिपक्याच्या एका बाजूला 150 मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ. डोळ्यांना उडी घ्यायला साधारण 200 मिलिसेकंद लागतात, म्हणून त्याआधी चित्र जायला हवं. डावीकडे दाखवलेल्या चित्राबद्दल रुग्ण ‘काही दिसलं नाही’ म्हणतो, कारण बोलणारा गोलार्ध डावा आणि चित्र उजव्यात. पण पडद्याआड हात घालून डाव्या हाताने तीच वस्तू तो बरोबर काढून देतो.

पडद्याशिवाय, खाटेजवळ करता येतील अशा चाचण्या:

डोळे बांधा. डाव्या हातात चमचा, कंगवा, रबर, बटण यांपैकी एक वस्तू द्या आणि नाव विचारा. नाव येत नाही. आता वस्तू काढून घ्या, 5-6 वस्तूंच्या ढिगात मिसळा आणि त्याच डाव्या हाताने शोधायला सांगा. ती सापडली तर स्पर्श शाबूत आहे. उजव्या हाताने नाव आलं तर भाषा शाबूत आहे. तिन्ही गोष्टी जुळल्या तरच ‘दुवा तुटला’ म्हणायचं. ढिगातून वस्तू सापडली नाही तर हा संवेदनेचा दोष असू शकतो, तिथेच थांबा.

दुसरी: डोळे बंद. एका हाताची बोटं विशिष्ट ठेवणीत लावा, उदा. अंगठा आणि अनामिका जुळलेली, बाकी सरळ. दुसऱ्या हाताने तीच ठेवण करायला सांगा. दोन्ही दिशांना जमत नसेल आणि त्याच हाताने नक्कल जमत असेल तर दुव्यावर संशय घ्या.

तिसरी: ‘सलाम करा’, ‘काडी पेटवल्याची कृती करा’ असं डाव्या हाताला सांगा. तोंडी आज्ञा पाळता येत नाही, पण करून दाखवलं की नक्कल जमते. डाव्या हाताने लिहायलाही लावा. अक्षर वेडंवाकडं येणं वेगळं. उजव्या हाताच्या माणसाचं ते तसंही येणार. इथे शब्दच चुकतो किंवा नुसत्या रेघोट्या उमटतात.

चाचणी कशाने बिघडते तेही सांगतो. किल्ल्या देऊ नका, वाजतात, आणि आवाज दोन्ही गोलार्धांत जातो. कंगव्याच्या दातांवर नख फिरवलं की तेच होतं. वस्तू टेबलावर आपटू देऊ नका. नाव सांगताना रुग्ण चुकला की उजवा गोलार्ध कपाळाला आठ्या घालतो, त्या डाव्याला जाणवतात आणि तो उत्तर बदलतो. म्हणून पहिलं उत्तरच धरायचं.

शस्त्रक्रियेशिवाय हे चित्र दिसतं ते मुख्यतः अँटिरिअर सेरेब्रल धमनीच्या आघातात, कारण कॉर्पस कॅलोसमचा पुढचा आणि मधला बराचसा भाग तिच्यावर पोसला जातो. गेश्विंड आणि एडिथ कॅपलन यांचा 1962 चा रुग्ण असाच होता. दीर्घकाळ अति मद्यपान आणि कुपोषण असलेल्यांत मार्कियाफावा-बिग्नामी नावाचा आजार हाच पट्टा पोखरतो.

---

करडी_बाजू

धागा चांगला चाललाय, पण एक आक्षेप नोंदवतो. कंडक्शन अफेजियाचं उदाहरण अजून कुणी दिलं नाही ते बरंच झालं. पुस्तकांत हमखास लिहिलेलं असतं की समजून घेणारा भाग आणि बोलणारा भाग यांना जोडणारा आर्क्युएट फॅसिक्युलस तुटला की माणूस समजतो, ओघाने बोलतो, पण ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणू शकत नाही. चित्र देखणं आहे, पण पुरावा तितका स्वच्छ नाही.

बऱ्याच रुग्णांत इजा तंतूंपुरती नसते. सुप्रामार्जिनल गायरस नावाची मेंदूची घडी आणि तिच्या खालच्या बाजूचा कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूच्या पृष्ठभागावरचा करडा थर, यांनाही ती झालेली असते. शस्त्रक्रियेआधी त्या कॉर्टेक्सला विद्युत् उत्तेजन देऊन तंतूंना हात न लावता तशीच लक्षणं काढता आलेली आहेत. उलट आर्क्युएटला इजा होऊनही पुनरुच्चार ठीक असलेले रुग्ण आहेत. ऐकलेले ध्वनी काही सेकंद धरून ठेवणं आणि त्यांना उच्चाराच्या रूपात आणणं हे काम तिथला कॉर्टेक्स स्वतः करतो, असं मानायला भक्कम आधार आहे.

तपासताना नुसती सुटी नामं देऊ नका. ‘पुस्तक’ म्हणता आलं म्हणजे पुनरुच्चार ठीक, असं होत नाही. अर्थाचा आधार नसलेली लहान अव्ययं एकामागून एक द्या: ‘जर नाही तर मग पण का नको’. निरर्थक शब्द द्या: ‘लुमटी’, ‘गेडवस’. वाक्य द्या: ‘गाडी उशिरा आली’. हा रुग्ण म्हणेल ‘आगगाडीला वेळ झाला’. अर्थ पोचला, ध्वनी हरवले. चूक त्याला कळते आणि तो शब्दाजवळ टप्प्याटप्प्याने येतो: ‘पुकस्त... पुस्कत... पुस्तक’. वेर्निके प्रकारच्या, म्हणजे ओघाने बोलणाऱ्या पण ऐकलेलं नीट न समजणाऱ्या रुग्णाला आपली चूक सहसा कळत नाही. हा फरक निदानाला फार उपयोगी पडतो.

---

तंतुजाल

@करडी_बाजू, मान्य. म्हणूनच वर टोकं तपासण्याचा आग्रह धरला होता, आणि कंडक्शन अफेजियात नेमकं तेच अवघड जातं, कारण एक टोक दुव्याला खेटून आहे. देजरीन यांच्या रुग्णाबद्दलही आज थोडी सुधारणा करावी लागते. अक्षरं ओळखण्यात डाव्या गोलार्धाच्या तळाकडचा, ऑक्सिपिटल (मागचा) आणि टेम्पोरल (कानाजवळचा) भागांच्या सीमेवरचा एक छोटा पट्टा महत्त्वाचा आहे, असं 2000 पासून लोराँ कोएन आणि स्तानिस्लास देहान यांच्या कामातून पुढे आलं. तोच पट्टा गेला तरी शुद्ध अ‍ॅलेक्सियासारखंच दिसतं. म्हणजे लक्षण एक, कारणं दोन: पट्टाच जाणं, किंवा पट्ट्याकडे येणारी वाट जाणं.

दुवा खरोखर दुवा म्हणून काम करतो याचा सगळ्यात थेट पुरावा मला जागेपणी केलेल्या मेंदूच्या शस्त्रक्रियांत दिसतो. ह्यूग द्युफो यांच्या पद्धतीत रुग्ण चित्रांची नावं सांगत असतो आणि सर्जन पांढऱ्या तंतूंना 60 हर्ट्झचा, काही मिलिअँपिअरचा प्रवाह काही सेकंद देतात. आर्क्युएटला दिला की ध्वनी उलटेपालटे होतात. खोल खालून कपाळाकडे जाणाऱ्या लांब जुडग्याला दिला की शब्द अर्थाने चुकतो, ‘वाघ’ ऐवजी ‘सिंह’. प्रवाह काढला की लगेच ठीक. 2005 मध्ये मिशेल थीबो द शोटेन आणि सहकाऱ्यांनी असंच रेघ दुभागण्याच्या चाचणीत दाखवलं: उजव्या गोलार्धातले कपाळामागचा (फ्रंटल) आणि माथ्याकडचा (पॅरायटल) भाग जोडणाऱ्या तंतूंना प्रवाह देताच रुग्णाने दाखवलेला रेघेचा मध्यबिंदू उजवीकडे सरकला. डाव्या बाजूकडे दुर्लक्ष होण्याचा विकार काही सेकंदांपुरता उभा केला गेला.

---

ओळखपाळख

काप्ग्रा विकाराबद्दल लिहितो, कारण ‘जोडणी तुटली’ हे स्पष्टीकरण इथे सगळ्यात जास्त लोकप्रिय आहे आणि इथेच ते एकटं पुरत नाही.

रुग्ण म्हणतो, ही बाई माझ्या बायकोसारखीच दिसते, पण ती नाही, तिच्या जागी कुणीतरी बसवलंय. जोसेफ काप्ग्रा आणि रबूल-लाशो यांनी 1923 मध्ये हे वर्णन केलं. चेहरा ओळखण्याच्या दोन वाटा असतात असं समजा: एक ‘हा कोण’ सांगणारी, दुसरी ‘हा आपला’ ही ऊब देणारी. ऊब मोजायची तर बोटांवर इलेक्ट्रोड लावून त्वचेची विद्युत्वाहकता पाहतात. ओळखीचा चेहरा दिसला की घर्मग्रंथी किंचित चेततात आणि आलेख वर जातो. चेहरे ओळखू न येणाऱ्या, म्हणजे प्रोसोपॅग्नोसियाच्या काही रुग्णांत नाव सांगता येत नाही, पण आलेख वर जातो. हे 1984 मध्ये रसेल बाउअर यांनी दाखवलं. काप्ग्रात उलट: चेहरा ओळखतो, आलेख सपाट. हेडन एलिस आणि अँडी यंग यांनी 1990 मध्ये हे आरशातल्या प्रतिमेसारखं नातं सुचवलं आणि 1997 मध्ये मोजमापाने त्याला आधार मिळाला. त्याच वर्षी हर्स्टाइन आणि व्ही. एस. रामचंद्रन यांनी वर्णन केलेला रुग्ण आईवडिलांना समोर पाहून ‘तोतया’ म्हणायचा, पण फोनवर आवाज ऐकून बरोबर ओळखायचा. कानाची वाट शाबूत, डोळ्यांची तुटलेली.

मग पुरत का नाही? कारण मेंदूच्या कपाळामागच्या भागाच्या आतल्या-खालच्या बाजूला इजा झालेल्या काही रुग्णांतही ओळखीच्या चेहऱ्यांना आलेख सपाटच येतो, पण त्यांना कुणी तोतया वाटत नाही. ऊब हरवणं एक, आणि ‘म्हणजे ही ती नाहीच’ या निष्कर्षाला चिकटून राहणं दुसरं. दुसऱ्यासाठी विश्वास पडताळणारी यंत्रणा बिघडावी लागते, आणि तिचा संबंध बहुधा उजव्या कपाळाच्या भागाशी लागतो. लुई बॉडी डिमेन्शिया या स्मृतिभ्रंशाच्या प्रकारात हा विकार बराच आढळतो, तेव्हा उतारवयात पहिल्यांदा दिसला तर त्या दिशेने तपास हवाच.

घरच्यांसाठी: वाद घालून पटवू नका, पुरावे दाखवू नका, संशय वाढतो. खोलीत शिरण्याआधी बाहेरूनच बोला, आवाज आधी पोचू दे. ज्या व्यक्तीवर संशय आहे तिने रुग्णाची औषधं, जेवण आणि अंघोळ काही दिवस दुसऱ्याकडे सोपवावी. धमकी किंवा मारहाणीची शक्यता गंभीरपणे घ्यावी. धारदार वस्तू हाताशी ठेवू नये आणि मनोविकारतज्ज्ञांना लगेच कळवावं.

---

चौकस

एमआरआयमध्ये त्या रंगीबेरंगी तारांची चित्रं येतात, त्यात तुटलेली जोडणी थेट दिसते का?

---

रंगीत_रेघा

थेट नाही. त्या तारा गणिताने काढलेल्या असतात.

यंत्र मोजतं ते पाण्याच्या रेणूंची हालचाल. तंतूंच्या जुडग्यात पाणी लांबीच्या दिशेने सहज सरकतं, आडवं कमी. प्रत्येक छोट्या घनासाठी हा एकदिशीपणा 0 ते 1 या मापात येतो. रंग फक्त दिशा सांगतात: लाल म्हणजे डावी-उजवी, हिरवा पुढे-मागे, निळा वर-खाली. घनाची बाजू साधारण 2 मिलिमीटर, तंतूची जाडी मायक्रोमीटरच्या घरात. एका घनात लाखो तंतू बसतात.

चूक होते ती मुख्यतः जिथे दोन जुडगी एकमेकांना छेदतात तिथे. साध्या टेन्सर पद्धतीत प्रत्येक घनाला एकच दिशा मिळते, त्यामुळे छेदावर आकडा पडतो आणि रेघ तिथे थांबते किंवा चुकीच्या वाटेला लागते. पांढऱ्या भागातल्या बहुतेक घनांत असे छेद असतात. गाठीभोवती सूज असेल तरी रेघा गायब होतात, तंतू जिवंत असूनही. उलट, नसलेल्या जोडण्याही हे तंत्र भरपूर काढतं. माहिती कोणत्या दिशेने वाहते हे तर कळतच नाही. अहवालात ‘जुडगं तुटलेलं’ असं वाचलं तर सूज आहे का, इजा किती दिवसांची आहे, आणि वरच्यासारख्या चाचण्या काय सांगतात, हे तिन्ही विचारा. दूरच्या टोकापर्यंत तंतू झिजायला आठवडे लागतात, त्यामुळे पहिल्या काही दिवसांतलं चित्र आणि तीन महिन्यांनंतरचं वेगळं असतं.

---

शब्दवेध

उपचाराबद्दल विचारणा येईलच म्हणून लिहून ठेवतो. तुटलेले लांब तंतू मेंदूत परत उगवत नाहीत. सुरुवातीच्या आठवड्यांतली सुधारणा बरीचशी सूज उतरण्याने आणि अर्धवट वाचलेल्या तंतूंमुळे असते. पुढची सुधारणा दुसरी वाट वापरायला शिकण्यातून.

शुद्ध अ‍ॅलेक्सियात दोन गोष्टी केल्या जातात. अक्षर तळहातावर किंवा टेबलावर गिरवत वाचणं. अचूकता वाढते, वेग कमीच राहतो. दुसरं, एकच उतारा मोठ्याने पुन्हा पुन्हा वाचणं. दिवसातून दोनदा, 15-15 मिनिटं, ठरावीक वेग गाठला की उतारा बदलायचा. प्रगती मोजताना सरावाच्या उताऱ्यावर मोजू नका, तो पाठ झालेला असतो. दर आठवड्याला एक नवा, तेवढ्याच अवघडपणाचा उतारा ठेवा आणि मिनिटाला किती शब्द ते लिहा. उजवी दृष्टी गेली असेल तर ओळीच्या उजव्या टोकाला जाड उभी रेघ मारा आणि तिथपर्यंत नजर नेल्याशिवाय पुढच्या ओळीवर जायचं नाही. दरम्यान मजकूर वाचून दाखवणारं फोनवरचं साधन पहिल्या आठवड्यापासूनच द्या. सराव बुडेल या भीतीने ते रोखून धरू नका.

---

मध्यरेषा

एक राहिलं. वाचता येणं अचानक बंद झालं, किंवा एक हात आपला नसल्यासारखा वागू लागला, तर तो पक्षाघात समजूनच रुग्णालयात न्या. चेहरा वाकडा नाही, हात लुळा नाही, बोलणं स्पष्ट आहे, म्हणून घरी थांबतात. मागच्या धमनीच्या आघातात हे तिन्ही नीट असू शकतं. दृष्टी आणि तोल यांची विचारपूस वेगळी करावी लागते. गुठळी विरघळवणारं औषध सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांत देतात, आणि घड्याळ सुरू होतं ते रुग्ण शेवटचा पूर्ण ठीक दिसला तेव्हापासून. ती वेळ कागदावर लिहून सोबत न्या, आणि रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर त्यांची पाकिटंही.